सुभेदारसाहेबांच्या प्रतिक्रियेला उत्तर: गॅस नटाच्या हाती किती असतं?

सुभेदारसाहेब, नमस्कार. बंदुकीच्या सायलेन्सरवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. सायलेन्सर आवाजासाठी असतो, त्यामुळे ‘खरा प्रश्न वायूचा’ हे माझं वाक्य म्हणजे उगाच पांडित्य. दुसरं, सायलेन्सर लावल्यावर जवानाच्या तोंडावर गॅस येत असेल तर दोष रायफलीच्या देखभालीचा. तुम्ही एसएलआर (आपल्या लष्कराची जुनी रायफल) वर्षानुवर्षं वापरलीत, गॅस नट नीट लावला की काही त्रास होत नसे. तिसरं, कुकर गॅसवरून उतरवून वाफ सावकाश सोडावी एवढंच सायलेन्सरचं काम, त्यात अवघड ते काय? आणि शेवटी, असले विषय लिहून पोरांच्या हाती काय देता?

तुमच्या कुकरपासूनच सुरुवात करतो, कारण उदाहरण चांगलं आहे. फक्त त्यात वेळ धरलेला नाही. कुकरची वाफ जिरायला आपण दहा मिनिटं देतो. इथे गोळी नळीच्या तोंडाशी बुचासारखी बसलेली असते आणि ती सुटली की मागचा शेकडो वातावरणांच्या दाबाचा तापलेला वायू मिलिसेकंदाच्याही अंशात बाहेर झेपावतो. दाबाची ती एकदम मारलेली उडी म्हणजेच बार. एक ग्रॅम दारू जळली की थंड करून मोजल्यास जवळपास एक लिटर वायू होतो. ५.५६ मिमीच्या काडतुसात दीड ग्रॅमहून थोडी जास्त दारू असते. तो सगळा वायू सायलेन्सर लावल्यानं नाहीसा होत नाही. तो आत पसरतो, आपटतो, थोडी उष्णता धातूला देतो आणि मग जास्त वेळ घेऊन बाहेर पडतो. म्हणून कानाला बार कमी लागतो. रायफलीचा उघडा बार १६० डेसिबलच्या वर जातो, चांगला सायलेन्सर त्यातले २० ते ३५ डेसिबल काढतो. सिनेमातली ‘फुस्स’ यात कुठेच बसत नाही. शिवाय एसएलआरची गोळी सेकंदाला ८०० मीटरच्या वर पळते आणि ध्वनी सुमारे ३४० मीटर, त्यामुळे हवा फाडल्याचा कडाका उरतोच. नळीच्या तोंडावर काहीही बसवा, त्याचा उपयोग नाही.

आता गॅस नट. एसएलआर म्हणजे बेल्जियन एफएएलची आपली आवृत्ती आणि तिचा रेग्युलेटर, म्हणजेच हा नट, मला फार आवडतो. नळीतला थोडा वायू पिस्टन ढकलतो आणि पिस्टन बोल्ट उघडतो, म्हणजे ब्रीच (नळीचं मागचं तोंड) बंद ठेवणारा भाग. पिस्टनला लागतो त्याहून जास्तीचा वायू हा नट बाहेर सोडून देतो. छिद्र मोठं ठेवून सुरुवात करायची, रिकामी पुंगळी नीट फेकली जाईपर्यंत ते कमी करत आणायचं आणि वर भरवशासाठी थोडं आणखी. तुम्ही हे झोपेतही केलं असेल. पण हा नट ठरवतो तो फक्त पिस्टनचा वाटा. सायलेन्सर नसताना गोळी बाहेर पडली की नळीतला दाब कोसळतो आणि ब्रीच उघडेपर्यंत मागे यायला फारसं काही उरलेलं नसतं. सायलेन्सर लावला की पुढे दाब साठून राहतो. ब्रीच उघडली की तो साठा पुढे जातो तसा नळीतूनच उलटाही येतो, चेंबरमधून (काडतूस बसतं ती जागा) थेट गोळी झाडणाऱ्याच्या तोंडाकडे. त्या वाटेवर गॅस नटाचा हुकूम चालत नाही. नट आवळून-सैल करून बोल्ट थोडा उशिरा उघडेल, झटका सौम्य होईल, मागे येणारा वायू कमीही होईल, पण बंद होणार नाही. रायफल आरशासारखी साफ केलीत तरी नाही.

अमेरिकी एआर-१५ घराण्याच्या रायफलींत (एम-१६ त्यातलीच) हे जास्त छळतं, कारण तिथे वायू पिस्टनऐवजी एका वेगळ्या बारीक नळीवाटे थेट बोल्ट कॅरिअरमध्येच (बोल्ट धरणारा भाग) येतो. सायलेन्सर लावला की बोल्ट लवकर आणि जोरात उघडतो. पुंगळी अजून चेंबरच्या भिंतीला चिकटलेली असतानाच एक्स्ट्रॅक्टर तिला ओढू लागतो, फायरिंगचा वेग वाढतो, भाग लवकर झिजतात. यासाठी सायलेन्सरच हवा असंही नाही. व्हिएतनाममध्ये एम-१६ अडकत होती, त्यामागे एक मोठं कारण काडतुसातली दारू बदलणं हे होतं. नव्या बॉल (गोल कणांच्या) दारूमुळे गॅस पोर्टपाशी, म्हणजे बंदुकीच्या नळीतून वायू घेणाऱ्या छिद्रापाशी, दाब वाढला आणि रायफल ठरलेल्या वेगाहून जोरात चालू लागली. नळीला क्रोम नव्हतं, सफाईचं सामान पुरेसं पोचलं नव्हतं, हेही खरंच. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या इकॉर्ड उपसमितीनं यावर कडक ताशेरे ओढले. दोष जवानाच्या सफाईवर ढकलणं तेव्हाही सोपं होतं.

म्हणून मी लिहिलं की प्रश्न वायूचा आहे. आवाज कमी करायचा तर वायू अडवा, आणि अडवला की तो मागे वळतो. अलीकडच्या ‘फ्लो-थ्रू’ रचनांत वायूला फार न अडवता वळणावळणानं पुढेच काढून देतात. मागे कमी येतो, पण नळीच्या तोंडाशी आवाज किंवा झळक थोडी वाढू शकते. मग आवाज मोजायचा कुठे, हा वाद येतो. अमेरिकी लष्करी मानकाच्या जुन्या पद्धतीत माइक नळीच्या तोंडापासून एक मीटर बाजूला असतो. गोळी झाडणाऱ्याचा कान मात्र ब्रीचजवळ असतो आणि तिथे इजेक्शन पोर्टमधून (पुंगळी बाहेर पडते ती खिडकी) निघणारा आवाजही ऐकू येतो. एका माइकवर जिंकलेला सायलेन्सर दुसऱ्यावर हरू शकतो. जाहिरातीत एकच आकडा दिसला की मी तो सोडून देतो.

हा फक्त कानाचाही मामला नाही. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, शिसं आणि तांब्याचे कण असतात. अमेरिकी लष्करानं २०२२ मध्ये सिग सॉवरची नवी रायफल आणि लाइट मशीनगन निवडली, ती दोन्ही सायलेन्सरसहच. त्या सायलेन्सरबद्दल बोलताना विषारी वायू मागे कमी येतो, हा मुद्दा कंपनी ठळकपणे सांगते. उलट फिनलंड-नॉर्वेतल्या शिकाऱ्याला हा त्रास जवळजवळ नाही, कारण त्याची बहुधा बोल्ट-ॲक्शन असते. तो हातानं बोल्ट उघडेपर्यंत दाब केव्हाच ओसरलेला असतो. तुमची कुकरची उपमा तिथे अगदी चपखल बसते.

पोरांच्या हाती काय देतो? माप नाही, आराखडा नाही, साहित्याची यादी नाही. पुढेही मिळणार नाही, आणि मेलवर मागणाऱ्यांना मी उत्तरच देत नाही. आपल्याकडे साध्या परवानाधारकालाही सायलेन्सर बाळगता येत नाही, आणि ते योग्यच आहे. बाकी अमेरिकी संशोधक हायरम पर्सी मॅक्सिमनं १९०९ मध्ये सायलेन्सरचं पेटंट घेतल्यापासून यामागचं भौतिकशास्त्र उघड आहे. त्याची कंपनी पुढे इंजिनांचे सायलेन्सर करू लागली, कारण दोन्हीकडे काम तेच, दाबाखालचा वायू बेतानं सोडायचा. इंजिनात तरी सिलिंडर पुन्हा भरण्यापूर्वी वायू जायलाच हवा हे सगळ्यांना पटतं. रायफलीच्या बाबतीत ते पटवायला इतकं लिहावं लागलं.

एक विचारायचं राहिलं. एसएलआरची पुंगळी उजवीकडे पडते. तुमच्या पलटणीत डावखुरे जवान असतीलच. डाव्या खांद्याला लावली की पोर्ट थेट तोंडासमोर येतं. त्यांना सायलेन्सर नसतानाही काही जाणवायचं का, आणि त्यांचा गॅस नट ते स्वतः लावायचे की आर्मरर (शस्त्रांची दुरुस्ती पाहणारा)? तुम्ही सांगितलंत तर पुढच्या लेखात तुमच्या परवानगीनं घेईन.