‘ब्लूजचे जनक’ म्हटल्याने हँडी मोठे होत नाहीत

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लोकगाण्यातून आलेला संगीतप्रकार म्हणजे ब्लूज. कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांचे नाव निघाले की ‘ब्लूजचे जनक’ ही पदवी पाठोपाठ येतेच. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे शीर्षकही तेच आहे. तरीही ही पदवी त्यांना शोभत नाही आणि तिच्यामुळे त्यांचे खरे काम झाकले जाते, असे मला मनापासून वाटते.

हँडी १८७३ साली अलाबामातील फ्लॉरेन्स येथे जन्मले. आईवडील गुलामगिरीतून मुक्त झालेले, वडील धर्मोपदेशक. मुलाने काबाडकष्टाच्या पैशांतून गिटार आणली, तेव्हा हे पापाचे वाद्य घरात नको म्हणून वडिलांनी ती परत करायला लावली आणि तिच्या बदल्यात शब्दकोश घ्यायला लावला.

१९०३च्या सुमारास मिसिसिपीतील टटवायलर स्थानकावर रात्री, कित्येक तास उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहत हँडी पेंगत होते. शेजारी एक कृष्णवर्णीय माणूस गिटार वाजवू लागला. कपडे फाटलेले, पायाची बोटे बुटांतून बाहेर आलेली. तारांवर सुरी दाबून तो सूर ओढत होता आणि दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथे आपण निघालो आहोत, ही एकच ओळ तीनदा गात होता. हँडींनी हा प्रसंग स्वतःच लिहून ठेवला आहे. म्हणजे ब्लूज त्यांच्याआधी होते, आणि त्यांनी ते कधी लपवलेही नाही. १९३८ साली जॅझ पियानोवादक जेली रोल मॉर्टन यांनी जाहीर पत्र लिहून, हँडींना ब्लूजचे श्रेय दिले जाते यावरून त्यांच्यावर आगपाखड केली, ती मला म्हणूनच अन्यायाची वाटते.

हँडींचे मोठेपण दुसरीकडे आहे. तोंडातोंडी फिरणारे हे गाणे त्यांनी स्वरलिपीत बांधले, छापले आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याची मालकी आपल्या हातात ठेवायला ते शिकले. शिकले तेही ठेच लागल्यावरच. मेम्फिसमधील १९०९च्या महापौर निवडणुकीसाठी रचलेली त्यांची धून १९१२ साली ‘मेम्फिस ब्लूज’ या नावाने त्यांनी स्वतः छापली. प्रती फक्त एक हजार. त्या खपत नाहीत असे सांगितले गेल्यावर त्यांनी हक्क किरकोळ रकमेला विकून टाकले, आणि मग ती धून देशभर गाजली, पण पैसा दुसऱ्याच्या खिशात गेला.

त्यानंतर हॅरी पेस या सहकाऱ्यासोबत चालवलेल्या स्वतःच्या प्रकाशनसंस्थेतून १९१४ साली ‘सेंट लुईस ब्लूज’ निघाले. या वेळी कागद त्यांच्याच नावावर होता. कृष्णवर्णीय संगीतकाराने स्वतःच्या गाण्याचा प्रकाशक असणे त्या काळच्या अमेरिकेत किती अवघड होते, हे लक्षात घेतले की या घटनेचे वजन कळते. १९१८ साली संस्था न्यूयॉर्कला गेली. पुढे पेस वेगळे झाले, हँडींची दृष्टी अधू झाली, कर्ज झाले, तरी त्यांनी भावाच्या साथीने व्यवसाय टिकवून धरला.

बेसी स्मिथ यांनी १९२५ साली गायलेले ‘सेंट लुईस ब्लूज’ मराठी रसिकांनी अवश्य ऐकावे. लुई आर्मस्ट्राँग यांच्या कॉर्नेटबरोबर (हे ट्रम्पेटसारखे फुंकवाद्य) तिथे फ्रेड लाँगशॉ यांची पेटी वाजते. आपल्या संगीत नाटकांतल्या ऑर्गनच्या जातीचे हे वाद्य बेसीबाईंच्या आवाजाखाली इतका लांब, भरलेला सूर धरून ठेवते की मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा क्षणभर नाट्यगृहात बसल्यासारखे वाटले.

‘मेम्फिस ब्लूज’चे हक्क अठ्ठावीस वर्षांची मुदत संपल्यावर, १९४० साली, हँडींकडे परत आले. टटवायलरच्या त्या गिटारवाल्याचे नाव मात्र कुठल्याच कागदावर नाही. तो आज आपल्याला माहीत आहे, तो केवळ हँडींनी त्याच्याबद्दल लिहिले म्हणून.