फुलाची नळी, पतंगाची सोंड: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फुलं आणि कीटक एकमेकांसाठीच घडलेले आहेत, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की फुलाच्या आणि कीटकाच्या मापांची जुळणी ही आपण मागाहून रचलेली गोष्ट आहे. अंगणातल्या टेकोमावर (नळीसारख्या फुलांच्या झुडपावर) भुंगा फुलाच्या बुडाशीच भोक पाडून मध पितो, मग माप राहिलं कुठे?

'एकमेकांसाठीच घडलेले' हे माझे शब्द चुकले. लेखातून ते काढतो आहे. धणे, सूर्यफूल अशा उघड्या फुलांवर कुणीही येऊन बसतं, तेही कबूल. पण जुळणीच नाही, हे मला पटत नाही.

मादागास्कर बेटावरच्या एका पांढऱ्या ऑर्किडची मधुनळी, म्हणजे फुलामागची मध साठवणारी लांब नळी, डार्विनने मोजली, ती साडेअकरा इंच भरली. मध फक्त तळाच्या दीड इंचात. त्याने नळीत सुया, राठ केस घालून पाहिले, पराग निघेनात. मग जरा जाड दांडी तोंडाशी असलेल्या फटीतून दाबून आत घातली. ती बाहेर ओढताना परागपिंड, म्हणजे परागांचे गोळे, चिकटून आले. खरी मेख इथे आहे. सोंड नळीहून लांब असेल, तर पतंग अंतर राखूनच मध पिऊन जाणार, सोंडेचं जाड बूड त्या फटीत शिरणारच नाही. म्हणजे लांब नळीच्या झाडाला बी जास्त धरतं आणि लांब सोंडेच्या पतंगाला मध जास्त मिळतो. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली रस्सीखेच आहे ही, दोन्ही बाजूंनी.

आणि 'मागाहून' म्हणाल, तर इतक्या लांब सोंडेचा पतंग असणारच, हे डार्विनने १८६२ साली लिहिलं. त्या पतंगाची शास्त्रीय नोंद झाली १९०३ साली, डार्विन जाऊन एकवीस वर्षं झाल्यावर. पुढे स्वीडनमध्ये निल्सन या संशोधकांनी दुसऱ्या ऑर्किडच्या नळ्या मुद्दाम आखूड करून पाहिल्या. १९८८ साली ते प्रसिद्ध झालं. आखूड नळीच्या फुलांतून परागपिंड कमी उचलले गेले, आणि बाहेरचे परागही त्यांना कमी मिळाले.

राहिला तुमचा भुंगा. टेकोमाचं गळलेलं फूल उचलून बुडाशी बघा, बारीक तपकिरी चीर दिसेल. पुढच्या दाराने त्याला त्या अरुंद बुडापर्यंत पोचता येत नाही, म्हणून तो भिंत फोडतो. मध नेतो, पण त्या वाटेने त्याच्या अंगाला परागाचा कणही लागत नाही.