"दुधाचे दात पडणारच" म्हणून पोरांना शिबिरापासून लांब ठेवू नका

वहिनींनी अंगणवाडीतल्या दातांच्या शिबिराला आमच्या साडेतीन वर्षांच्या पुतण्याला पाठवलंच नाही. कारण व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज: शिबिरात दातांना काळं विष लावतात, दुधाचे दात तसेही पडणार, फ्लोराइड शरीरात भिनतं, लवंगेचं तेल पुरे.

आधी ते "पडणार" घेते, कारण जास्त नुकसान त्यानेच होतंय. पुढचे दात सहा-सात वर्षांचं झाल्यावर पडतात हो, पण दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात! म्हणजे या पोराने अजून सात-आठ वर्षं किडक्या दाढांनी जेवायचं? आत्ताच तो पोळी एकाच बाजूने चावतो, थंड लागलं की गाल धरतो. कीड खोल गेली की पू होतो, गाल सुजतो, खाली तयार होणाऱ्या पक्क्या दातालाही धक्का लागू शकतो, आणि दाढ लवकर काढावी लागली की शेजारचे दात सरकून नव्या दाताची जागा अडवतात.

ते "काळं विष" म्हणजे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, जे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलंय. सुई नाही, ड्रिल नाही. आईच्या मांडीवर आडवं करायचं, दात कापसाने कोरडा करायचा, बारीक ब्रशने औषध टेकवायचं, मिनिटभराचं काम. चांदीने जंतू मरतात, फ्लोराइडने दात कडक होतो. किडलेला भाग कायमचा काळा पडतो हे खरंय, आणि आईबापांना आधी न सांगता कोणी लावत असेल तर ती चूकच. पण काळा पडून कडक झाला म्हणजे कीड थांबली, विष चढलं नाही.

फ्लोराइडचं म्हणाल तर यवतमाळ-चंद्रपूरकडे काही गावांत बोअरच्या पाण्याने दात, हाडं खराब झालीत, मान्य. पण ते पाणी वर्षानुवर्षं रोज पिणं कुठे आणि चार-पाच दातांना मिळून एक थेंब कुठे!

लवंगेच्या तेलाने ठणका तेवढ्यापुरता कमी होतो, कीड थांबत नाही, आणि लहान मुलाने ते गिळलं तर धोकाच आहे.

एक मात्र कबूल करते, शिबिरवाले एकदा येऊन फोटो काढून गेले तर उपयोग कमी, औषध सहा महिन्यांनी परत लावावं लागतं. आणि पू झालेल्या दाढेला हे चालतच नाही, तिथे दवाखानाच.

वहिनी, पुढच्या शिबिराची वाट बघू नका, याच आठवड्यात त्याला दातांच्या डॉक्टरकडे न्या, आणि साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणं आजच बंद करा.