‘बायकांचं नंतर बघू’ या मजकुराला उत्तर

जगात कुठेही युद्ध पेटलं की काही दिवसांत एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच असतो: “युद्धात आधी अन्न, पाणी आणि डोक्यावर छप्पर. बाळंतपण, गर्भनिरोधन, पाळी हे सगळं शांतता आल्यावर बघता येईल. बायका पूर्वीही दवाखान्याशिवाय बाळंत होतच होत्या. गोळीबारात डॉक्टर कुठून आणणार? आणि यावर जाणारा पैसा म्हणजे भुकेल्या पोरांच्या तोंडचा घास.” लिहिणाऱ्याला भुकेल्यांचा कळवळा आहे, हे मी मानते. त्या कळवळ्यामुळेच मजकूर वाचणाऱ्याला पटतो आणि पुढे जातो. म्हणून त्यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर द्यायलाच हवं.

“पूर्वीही बाळंत होतच होत्या.” होत होत्या, आणि मरतही होत्या. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. वार पडल्यानंतर गर्भाशय आवळलं गेलं नाही तर रक्त थांबत नाही, आणि धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत हातची जाऊ शकते. शांततेच्या काळात तेवढ्या वेळात निदान गाडी शोधता येते. युद्धात रस्ता बंद असतो, रात्री संचारबंदी असते, नाक्यावर सैनिक अडवतात, आणि जवळचा दवाखाना पडलेला असतो. २०२३ मध्ये गर्भारपणाशी किंवा बाळंतपणाशी संबंधित कारणांनी जगात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गेल्या, असा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अंदाज आहे. त्यातल्या जवळपास दोनतृतीयांश संघर्षग्रस्त किंवा व्यवस्था मोडकळीला आलेल्या देशांतल्या होत्या. हे सगळे मृत्यू थेट बंदुकीमुळे झाले, असा माझा दावा नाही. पण ज्या देशांत “नंतर बघू” म्हटलं जातं, नेमक्या त्याच देशांत या बायका मरताहेत.

“गोळीबारात डॉक्टर कुठून आणणार?” हा प्रश्न रास्त आहे, म्हणून इथे जरा थांबते. आणीबाणीत गर्भार बाईच्या हातात एक छोटं पुडकं दिलं जातं. त्यात अंगाखाली अंथरायला प्लास्टिकचा कागद असतो, साबणाची वडी, नाळ बांधायला दोरे, नाळ कापायला नवं कोरं ब्लेड, हातमोजे आणि बाळाला गुंडाळायला कापड. बस, एवढंच. झाडाखाली किंवा तळघरात बाळंत व्हायची वेळ आली, तरी नाळ गंजक्या सुरीने कापली जात नाही आणि बाळाला धनुर्वात होण्याचा धोका टळतो. पुढची पायरी प्रशिक्षित सुईण. तिच्याकडे रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन असतं. ते थंड ठेवावं लागतं, आणि वीज नसेल तिथे हीच अडचण होते. मग मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आहेत, त्यांना फ्रीज लागत नाही. रक्तस्राव रोखणाऱ्या आणि उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिन या इंजेक्शनलाही जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये मान्यता दिली. रक्तदाब वाढून झटके येऊ लागले तर मॅग्नेशियम सल्फेट आहे, आणि ते काही नवं किंवा महागडं औषध नाही.

सगळं पुडक्यात भागत नाही, हेही खरं. मदतकार्यात वापरतात तो हिशेब असा: १० हजार लोकांच्या छावणीत पहिल्या ३ महिन्यांत साधारण १०० बाळंतपणं होतील, त्यातल्या १५ जणींना गुंतागुंत होईल, आणि निदान ५ जणींचं सिझेरियन करावं लागेल. त्या पाच जणींसाठी शस्त्रक्रियागृह हवं, रक्त हवं, आणि रात्री दोन वाजताही निघू शकणारी गाडी हवी. हे अशक्य नाही. जॉर्डनमधल्या झातारी छावणीत सीरियातून पळून आलेल्या हजारो बायका संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या दवाखान्यात बाळंत झाल्या आणि तिथे एकही माता दगावली नाही, अशी त्या संस्थेची नोंद आहे. वाळवंटात, तंबूंच्या आणि पत्र्याच्या वस्तीत हे घडलं.

याच मुद्द्याला जोडून काही जण विचारतात, “दवाखान्यांवरच बॉम्ब पडतात, मग ते उघडायचे कशाला?” बॉम्ब पडतात, यात शंका नाही. १२ मे २०२० रोजी काबूलच्या दश्त-ए-बर्ची भागातल्या प्रसूतिगृहात बंदूकधारी शिरले आणि त्यांनी १६ मातांना मारलं, एका सुईणीलाही मारलं. ९ मार्च २०२२ रोजी युक्रेनमधल्या मारिउपोलच्या प्रसूतिगृहावर हल्ला झाला. पण यावरून दवाखाना नको असा निष्कर्ष काढणं म्हणजे गुन्हेगाराचंच म्हणणं मान्य करणं. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात गर्भवतींना विशेष संरक्षण दिलेलं आहे. १९७७ च्या पहिल्या पूरक करारनाम्यात तर ‘जखमी’ आणि ‘आजारी’ या शब्दांच्या व्याख्येतच बाळंतीण आणि नवजात बाळ घातलं आहे. म्हणजे युद्धाच्या कायद्याच्या नजरेत कळा येत असलेल्या बाईचा हक्क गोळी लागलेल्या माणसाइतकाच आहे. जखमी माणसाला कोणी म्हणत नाही, तुझं नंतर बघू.

आता त्या मजकुरात ज्याचा उल्लेखही नसतो ते. युद्धात बलात्कार होतात, आणि त्यानंतरची वैद्यकीय मदत घड्याळाशी बांधलेली असते. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळी ५ दिवसांच्या आत द्यावी लागते, आणि जितकी लवकर तितकी बरी. चौथ्या दिवशी छावणीत धान्याची गाडी आली तर ती उशिरा का होईना, कामी येते. चौथ्या दिवशी एचआयव्हीचं औषध आलं, तर त्या बाईसाठी ते आलंच नाही. कॉंगोच्या बुकावू शहरात स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. डेनिस मुक्वेगे यांनी १९९९ मध्ये पांझी रुग्णालय उभारलं ते मातामृत्यू कमी करायला, आणि पहिली रुग्ण आली ती बलात्कारात जखमी झालेली स्त्री. बाळंतपणाची सेवा आणि अत्याचारानंतरची सेवा एकाच दारातून लागते, हे तिथे पहिल्याच दिवशी दिसलं.

“गर्भनिरोधन ही चैन.” तीन महिन्यांचं इंजेक्शन घेणारी बाई घर सोडून पळाली आहे आणि पुढच्या इंजेक्शनची तारीख रस्त्यातच उलटून गेली आहे, असं समजा. किंवा गोळ्यांचं पाकीट पडलेल्या घराच्या ढिगाऱ्याखाली राहिलं आहे. कडेवर एक, हाताला एक, रात्री झोपायला जागा नाही, अशात दिवस राहू नयेत असं तिला वाटणं यात चैन कसली? उलट गर्भारपण सुरक्षित नाही, तिथेच ते टाळता येण्याची गरज सर्वांत जास्त असते.

आणि मुली. जॉर्डनमध्ये आश्रय घेतलेल्या सीरियन कुटुंबांमध्ये मुलींची कमी वयातली लग्नं वाढली, कारण आईबापांना त्यातच मुलीची सुरक्षितता दिसत होती. पण अशा मुलीचं अंग पुरतं वाढलेलं नसतं. ती बाळंतपणात अडली आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही, तर मूल दगावतं आणि मूत्राशयाला भोक पडून ती वर्षानुवर्षं लघवी गळत राहते. अशा मुलीला नवरा टाकतो, बायका जवळ बसू देत नाहीत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला हे येतं, आणि ते टाळता येतं.

पैशाच्या मुद्द्याबद्दल थोडंच सांगते. पुडक्यातल्या वस्तूंची यादी वर दिली आहे, त्यात महाग काय ते शोधून पाहा. शिवाय, पोरांच्या तोंडचा घास म्हणता, तर तान्ह्या बाळाचा घास त्याच्या आईच्या अंगावर असतो. आई गेली की तो घासच गेला.

‘आधी अन्न-पाणी’ ही समज मदतसंस्थांचीही होती. १९९४ मध्ये लोकसंख्या आणि विकास या विषयावर कैरोला झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या सुमारास तिच्यावर उघड प्रश्न विचारले गेले, १९९५ मध्ये संस्थांचा संयुक्त गट उभा राहिला, आणि पुढे प्रजनन आरोग्याच्या किमान सेवांचा एक संच ठरला. तो शक्यतो ४८ तासांच्या आत सुरू करायचा असतो, अन्नपाण्याच्या मागे नाही, त्यांच्या बरोबरीने. त्या मजकुरातला सल्ला जाणकारांनी तीस वर्षांपूर्वीच सोडून दिला आहे.

राहिलं “शांतता आल्यावर.” केनियातल्या दादाब इथल्या छावण्या १९९१ मध्ये सोमालियातल्या युद्धातून पळून आलेल्यांसाठी उभ्या राहिल्या. तेव्हा तिथे जन्मलेल्या मुलींना तिथेच पाळी आली, तिथेच त्यांची लग्नं झाली, आणि त्यांची मुलंही त्याच छावणीत जन्मली.