एएमएच कमी आलंय? आधी कागद नीट वाचू

तालुक्याच्या लॅबमध्ये सकाळी रक्त देऊन यायचं आणि रात्री साडेआठला व्हॉट्सॲपवर पीडीएफ येऊन पडायची. एएमएच (अँटी-म्युलेरियन हार्मोन, अंडाशयातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारा) ०.७२, पुढं जाड अक्षरात ‘लो’. मोठे डॉक्टर संभाजीनगरहून गुरुवारी येतात आणि आज शुक्रवार. मधल्या सहा रात्रींत त्या एका आकड्याचं घरात काय काय होतं, ते मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. गूगल म्हणतं, पाळी लवकर जाणार. नणंदेच्या मैत्रिणीनं कुठंतरी ऐकलेलं असतं की दुसरीचं बीज घ्यावं लागतं. शेजारच्या गावात एकवीस दिवसांची पुडी देणारा असतोच. ही पोस्ट त्या सहा रात्रींसाठी.

मत आधीच सांगून टाकतो. एएमएच ही तपासणी वाईट नाही. ती ज्या प्रश्नासाठी आहे तो बाजूला राहतो आणि भलत्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून ती वाचली जाते. शिवाय तिच्या धसक्यात नवऱ्याची तपासणी मागं पडते, जी खरं तर पहिल्याच दिवशी व्हायला पाहिजे.

अंडाशयात वाढीला लागलेली बारकी बारकी फॉलिकल, म्हणजे बीजाच्या पिशव्या, असतात, त्यांच्यातल्या पेशी हा हार्मोन बनवतात. फॉलिकल जास्त तर आकडा जास्त. म्हणजे कणगीत ज्वारी किती उरली, याचा तो अंदाज. दाणा भरीव आहे की किडका, हे तो सांगत नाही. ते मुख्यतः बाईच्या वयावरून ठरतं. आणि पाळी नियमित असेल तर महिन्याला पेरायला बी लागतं एकच. कणगी गच्च भरलेली असो की तळाला गेलेली, या महिन्याचं एक बीज बहुतेक वेळा सुटतंच. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० ते ४४ वयाच्या, आधी वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या साडेसातशे बायका होत्या. ज्यांचं एएमएच ०.७ च्या खाली होतं, त्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा कमी दिसली नाही.

मग ही तपासणी कशाला? आयव्हीएफची (टेस्ट ट्यूब बेबीची) इंजेक्शनं दिली तर बीजं किती मिळतील, याचा अंदाज घ्यायला. आणि वेळ किती हाताशी आहे, हे ढोबळपणे कळायला. २९ वर्षांच्या बाईचं एएमएच ०.६ असेल तर इंजेक्शनांनंतर बीजं कमी हाती लागतील, पण त्यातलं प्रत्येक बीज बहुधा ४१ वर्षांच्या बाईच्या बीजापेक्षा सकस असेल, तिचं एएमएच २.५ असलं तरी. उलटी चूकही होते बरं का. आकडा ८-९ आला की घरात पेढे वाटायचंच बाकी राहतं. पाळी दोन-दोन महिने येत नसेल तर तो आकडा पीसीओएसकडं बोट दाखवतो: फॉलिकल खूप, पण बीज वेळेवर सुटत नाही. त्यावर साध्या गोळ्यांचे उपचार आहेत. त्यातली लेट्रोझोल मेडिकलवाल्यानं ‘ही कॅन्सरची गोळी’ म्हणून हातात दिली तर घाबरून परत करू नका. ती स्तनाच्या कॅन्सरमध्ये वापरतात हे खरं. पण बीज सुटावं म्हणून पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस दिली जाते तीही हीच.

आता कागदाकडं या. एकक बघा. नॅनोग्रॅम प्रति मिलीलीटर आहे की पिकोमोल प्रति लीटर? १ नॅनोग्रॅम प्रति मिलीलीटर म्हणजे ७.१४ पिकोमोल प्रति लीटर. एका लॅबचा ५ आणि दुसऱ्या लॅबचा ०.७ हे एकच असू शकतं, आणि ‘सहा महिन्यांत इतकं घसरलं’ म्हणून उगाच रडारड होते. दोन लॅबची यंत्रं वेगळी असली तर एकाच रक्ताचे आकडे थोडे वेगळे येतात, म्हणून तुलना करायची तर त्याच लॅबमध्ये करा. शेजारी छापलेली रेंज तुमच्या वयाची आहे का तेही बघा.

पाळी नियमित व्हावी म्हणून कुणी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या होत्या का? त्या चालू असताना एएमएच खरं आहे त्यापेक्षा कमी दिसतं. बंद करून दोन-तीन महिन्यांनी परत बघावं लागतं. केस गळतात म्हणून घेतलेल्या गोळीत बायोटिनचा मोठा डोस असतो आणि काही यंत्रांवर तो हार्मोनचे आकडे बिघडवतो, थायरॉईडचेसुद्धा. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ती थांबवा, आणि घेत असाल तर लॅबला सांगा. अंडाशयावरची गाठ, विशेषतः चॉकलेट सिस्ट (जुनं रक्त साचलेली गाठ), काढलेली असेल तर आकडा खरंच घसरलेला असू शकतो. त्या ऑपरेशनचा कागद सोबत ठेवा.

एकट्या एएमएचवर कुणी निर्णय सांगत असेल तर थांबा. त्याच्या जोडीला दोन गोष्टी लागतात. पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी आतून केलेली सोनोग्राफी: दोन्ही अंडाशयांत मिळून २ ते १० मिलीमीटरची फॉलिकल किती, ते मोजतात. पाचापेक्षा कमी असतील तर साठा खरंच कमी. अंगावरून जात असताना सोनोग्राफी कशी करायची, असा संकोच वाटतो, पण ती त्याच दिवसांत करायची असते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं एफएसएच (बीज वाढवायला मेंदूकडून येणारा हार्मोन), सोबत इस्ट्राडिओल (अंडाशयातला हार्मोन). नुसतं एफएसएच करून पैसे वाचवू नका. इस्ट्राडिओल वाढलेलं असेल तर ते एफएसएचला दाबून ठेवतं आणि रिपोर्ट खोटाच छान दिसतो. चाळिशीच्या आत पाळी चार महिने आलेली नाही आणि एफएसएच २५ च्या वर, असं असेल तर तो मामला वेगळा, तिथं गुरुवारची वाट बघत बसू नका.

साठा कमी होत जातो तशी पुष्कळ जणींची पाळी आखूड होते, २८ ची २४ दिवसांवर येते. पाळी लवकर येते म्हणजे बीजही लवकर सुटतं, चौदाव्या दिवसाऐवजी दहाव्याच्या आसपास. बाराव्या दिवसापासून प्रयत्न सुरू करणाऱ्या जोडप्याचं बीज तोवर येऊन गेलेलं असतं. बीज १२ ते २४ तास टिकतं, शुक्रजंतू आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, म्हणून संबंध बीज सुटायच्या आधी हवा. आखूड पाळी असेल तर सातव्या-आठव्या दिवसापासून एक दिवसाआड. आणि इथं आपल्याकडचा खरा घोळ. नवरा चाकणला कंपनीत, गावी येतो पंधरा दिवसांनी रविवारी. नाहीतर जोडीतला एक जण हंगामभर उसाच्या फडावर आणि दुसरा घरी. लग्नाला तीन वर्षं झाली म्हणतात, पण योग्य दिवसांत दोघं एकत्र असल्याचे महिने मोजले तर सात भरतात! डॉक्टरांना लग्नाची तारीख सांगण्यापेक्षा हे महिने मोजून सांगा.

आता नवऱ्याची तपासणी. सगळ्या तपासण्यांत स्वस्त, सुई नाही, भूल नाही, आणि तरी सगळ्यात शेवटी होणारी. बायकोची दुर्बीण झालेली असते, नळ्यांचा एक्स-रे झालेला असतो, आणि नवऱ्याची साधी वीर्यतपासणी ‘त्याला काय धाड भरलीय’ म्हणून राहिलेली असते. वरून धडधाकट दिसण्याचा आणि शुक्रजंतूंचा काही संबंध नाही.

ती नीट व्हायला काही गोष्टी पाळाव्या लागतात. आधीच्या वीर्यस्खलनापासून किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवसांचं अंतर. वीस दिवसांनी गावी आलेल्या माणसानं दुसऱ्या दिवशी नमुना दिला तर हालचाल कमी दिसते आणि नाहक धसका बसतो. डबी लॅबनं दिलेलीच, रुंद तोंडाची. साबण, तेल, थुंकी काही लावायचं नाही. साधा कंडोम वापरायचा नाही, त्यातल्या वंगणानं शुक्रजंतू मरतात. पहिला थेंब सांडला तर लपवू नका. सगळ्यात जास्त जंतू पहिल्याच भागात असतात, तो गेला की आकडा निम्म्यावर यायला वेळ लागत नाही. नमुना तासाच्या आत लॅबच्या टेबलावर पाहिजे. मे महिन्यात परभणीत पारा ४२-४३ वर असताना मोटारसायकलच्या डिकीतून तासभर प्रवास केलेला नमुना तपासून काही उपयोग नाही. लॅबमध्येच खोली मागा. खोली नसेल तर खोली असलेली लॅब शोधा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालच्या मर्यादा अशा आहेत: प्रमाण १.४ मिलीलीटर, संख्या मिलीलीटरला १६ मिलियन म्हणजे १ कोटी ६० लाख, एकूण ३९ मिलियन, हालचाल ४२ टक्के, पुढं सरकणारे ३० टक्के, आणि नीट आकाराचे ४ टक्के. हो, चारच. ‘९६ टक्के खराब आहेत’ म्हणून रात्रभर जागणारे पुष्कळ आहेत, त्यांनी ही ओळ परत वाचावी. आणि ही पास-नापासाची रेघ नाही. वर्षभरात ज्यांच्या बायकांना दिवस राहिले अशा बापांमधल्या सगळ्यात खालच्या ५ टक्क्यांची ती सीमा आहे. तिच्या खालचेही बाप होतात.

आकडा खराब आला तर पुन्हा तपासणी, शक्यतो तीन महिन्यांनी. शुक्रजंतू तयार व्हायला सत्तरेक दिवस लागतात आणि बाहेर यायला आणखी काही. म्हणजे आजचा रिपोर्ट अडीच-तीन महिन्यांपूर्वीच्या शरीराचा असतो. दिवाळीतल्या डेंग्यूच्या तापाचा परिणाम जानेवारीच्या रिपोर्टात दिसतो. कारखान्याच्या बॉयलरपुढची शिफ्ट, लांब पल्ल्याचा ट्रक, तोंड न बांधता केलेली फवारणी, तंबाखू-चुना आणि गुटखा, जो २०१२ पासून राज्यात बंद आहे आणि प्रत्येक टपरीवर मिळतो, यातलं जे सुटण्यासारखं आहे ते सोडून तीन महिने मोजा. जिममध्ये घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं मात्र वेगळ्या पंक्तीत. ती शरीराचं स्वतःचं उत्पादनच बंद पाडतात, संख्या शून्यावर येऊ शकते आणि परतायला कित्येक महिने लागतात. ‘ताकदीसाठी’ तेच इंजेक्शन वंध्यत्वावर देणाराही भेटतो. घेऊ नका.

रिपोर्टात शून्य आलं तर नमुना यंत्रात फिरवून तळाचा गाळ तपासला होता का, ते विचारा. नंतर एफएसएच, टेस्टोस्टेरॉन आणि हातानं केलेली वृषणांची तपासणी. मार्ग अडलेला आहे की उत्पादनच होत नाही, हे त्यावरून उलगडत जातं. मार्ग अडलेला असेल तर सुईनं जंतू काढून इक्सी (लॅबमध्ये एकेक शुक्रजंतू थेट बीजात सोडणं) करता येते.

गोळ्या-औषधांबद्दल थोडक्यात. एएमएच वाढवून देणारं खात्रीचं औषध नाही. डीएचईए कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका, तो हार्मोन आहे, मुरुमं आणि नको तिथं केस आणतो. पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर ती पुडी परत. घ्यायचं ते फॉलिक ॲसिड, रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या आधीपासून. मेडिकलवर बहुतेकदा ५ मिलिग्रॅमची गोळी देतात, ती साडेबारा पट झाली. मधुमेह, फिटची औषधं किंवा आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष असेल अशांना डॉक्टर मुद्दाम मोठा डोस देतात.

मग धीर धरायचा की घाई करायची? एएमएच कमी आणि वय तिशीच्या आत, पाळी नियमित, नळ्या मोकळ्या, नवऱ्याचा रिपोर्ट बरा: योग्य दिवस साधून काही महिने प्रयत्न करायला हरकत नाही. ३५ ओलांडलेली असेल तर सहा महिन्यांच्या वर थांबायचं नाही. ‘पुढच्या आषाढीला नवस फेडू’ म्हणत वर्ष घालवणं हा तिथं खरा तोटा. नवस करा, सोबत तपासणीही करा.

पहिल्याच भेटीत, एका एएमएचवर, दात्रीचं बीज घ्या असं सांगितलं तर विचारा: फॉलिकल किती मोजली? माझ्या स्वतःच्या बीजावर एकदा प्रयत्न का नको? २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याप्रमाणं केंद्राची नोंदणी लागते. क्रमांक मागायला लाजू नका. दात्रीला आयुष्यात एकदाच बीज देता येतं, एका वेळी सातांपेक्षा जास्त काढता येत नाहीत आणि ती एकाच जोडप्याला द्यायची असतात. ‘एकीचं दोघींत वाटून स्वस्तात बसवू’ असं कुणी म्हणालं की उठायचं.

घरच्यांचं काय, हे रिपोर्टापेक्षा अवघड. पीडीएफ कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका, नवऱ्यानंही आईला पाठवू नये. सासूबाईंनी विचारलं तर उत्तर नवऱ्यानं द्यावं आणि दोघांचं वाक्य एकच असावं: “आई, दोघांच्याही तपासण्या चालू आहेत, काही असलं तर सांगू.” ‘दोघांच्याही’ हा शब्द गाळायचा नाही. चुलतजावेच्या डोहाळजेवणाला जावंसं वाटलं नाही तर त्या दिवशी पोट दुखलं तरी चालतं. दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू झाली तर माहीत असू द्या, लेकरू नसणं हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण नाही आणि पहिलं लग्न कायम असताना दुसरं लग्न हा गुन्हा आहे. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, जीव नकोसा वाटतोय, असं असेल तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

गुरुवारी जाताना दोघंही जा. पिशवीत मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा, चालू गोळ्यांची पाकिटं, जुन्या सोनोग्राफी, ऑपरेशनचे कागद. खर्च झेपत नसेल तर संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या स्त्रीरोग विभागातून सुरुवात करा. सकाळी लवकर पोचा, केसपेपरची रांग मोठी असते. आणि पुढची पाळी आली की त्याच दिवशी दवाखान्यात फोन करून तारीख सांगा. पाळी शनिवारी आली तर दुसरा दिवस रविवार, सोनोग्राफी बंद. सोमवार-मंगळवारची वेळ तेव्हाच धरून ठेवली नाही तर तो महिना गेला.