गाईडच्या 'नाही'चेही पैसे द्या

मालवण-तारकर्लीला कयाकिंग आणि स्नॉर्कलिंगला निघालेल्या सगळ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. गाईड "आज नको" म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका आणि दिलेला सगळा अ‍ॅडव्हान्स परत मागू नका. दिवाळीनंतर आम्ही तिघं जाऊन आलो तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. आता नाताळच्या सुट्ट्या लागतील, किनारा पुन्हा भरेल, म्हणून आज बसून लिहितेच.

आमचा गाईड मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचा, गाबित म्हणजे मच्छीमार घरातला. वडील रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) जायचे, हा स्वतः लहानपणापासून होडीवर. फोनवर बोलताना त्याने दर सांगायच्या आधी प्रश्नच विचारले. पोहता कुणाकुणाला येतं? कुणाला दमा, फिट्स, हृदयाचा त्रास? चष्म्याचा नंबर किती? मुलीचं वय काय? आणि शेवटी, "दोन सकाळी हातात ठेवा, एकच ठेवू नका." आम्हाला हे जरा जास्तच वाटलं असतं, पण नवऱ्याला पोहता येत नाही, त्यामुळे एवढी चौकशी करणारा माणूस भेटल्याचा मला उलट धीर आला.

पहिल्या सकाळी सातला आम्ही दांडीच्या किनाऱ्यावर. समोर पाणी शांत, वारा नाही, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर कोवळं ऊन आलेलं. आमच्याबरोबर आणखी एक चौघांचं कुटुंब होतं. आणि हा गृहस्थ कयाक बाहेर काढायचं सोडून पद्मगडाच्या पलीकडच्या खडकांकडे बघत उभा. बराच वेळ बघितल्यावर म्हणाला, "भायर लाट आसा. आज नको."

मग त्याने समजावून सांगितलं. लांब समुद्रात कुठेतरी वादळी वारं सुटलं की त्याची लाट एकदोन दिवसांनी इथवर पोचते. इथे वाऱ्याचा मागमूस नसतो, म्हणून किनाऱ्यावरून बघणाऱ्याला समुद्र निवांत दिसतो. खोल पाण्यात ती लाट जाणवतही नाही, पण खडकाजवळ पाणी उथळ झालं की तीच उंच होते आणि फुटते. आणि स्नॉर्कलिंग तर खडकांजवळच करायचं असतं. शिवाय अशा लाटेने तळाची वाळू उठते, पाणी गढूळ होतं, म्हणजे जाऊनही दिसणार काहीच नाही.

दुसऱ्या कुटुंबाला ते पटलं नाही. पहाटे तीनला घर सोडलं होतं त्यांनी, दुपारनंतर परत निघायचं होतं, मुलं रडवेली झाली होती. त्यांची चिडचिड मला समजत होती. पण आवाज चढले, "समोर एवढ्या होड्या चालल्यात त्या दिसत नाहीत का," इथपर्यंत गेलं. त्याने एक शब्द न बोलता त्यांचे पैसे परत केले. ते लगेच पलीकडे दुसऱ्या होडीवाल्याकडे गेले, आणि तो त्यांना घेऊन गेलासुद्धा. ते सुखरूप आले, हे मी मुद्दाम सांगते. त्या दिवशी कुणालाच काही झालं नाही.

माझा मुद्दा नेमका हाच आहे. बहुतेक दिवशी काही होत नाही. त्यामुळे 'नाही' म्हणणारा माणूस दर वेळी घाबरट ठरतो, आणि चार माणसांचे पैसेही त्याच्याच खिशातून जातात. 'हो' म्हणणारा कमावतो. असं महिनोन्महिने चाललं तर किती जण 'नाही' म्हणायचं टिकवून धरतील? मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाच्या पर्यटकांची होडी बुडाली आणि दोन पर्यटक गेले. मे महिन्याच्या शेवटी समुद्र फिरायला लागलेला असतो, आणि नेमकी तेव्हाच शाळांच्या सुट्टीची शेवटची झुंबड असते. त्या एका घटनेची जबाबदारी कुणाची, यावर मी बोलणार नाही, तेवढी माहिती मला नाही. पण गर्दीचा, घाईचा आणि ठरलेल्या पैशांचा रेटा किनाऱ्यावरच्या माणसावर कसा येतो, हे मी त्या सकाळी डोळ्यांनी बघितलं.

बरं, सकाळ वाया गेली का? अजिबात नाही. तो आम्हाला देवबागच्या बाजूला कर्ली खाडीत घेऊन गेला, आणि खरं सांगते, दुसऱ्या दिवशी समुद्रात मी जी निर्धास्त होते ती या खाडीतल्या दोन तासांमुळे. वल्हं हातांनी ओढायचं नसतं, कमरेपासून वळायचं असतं, हे तिथे कळलं. जोडकयाकमध्ये ताकदीचा माणूस मागे, आणि पुढच्याने लय धरायची. पुढच्याने थांबायचं ठरवलं की मागच्याने मुकाट थांबायचं. (वीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं इतक्या शिस्तीत कधी वागलो नव्हतो, आणि दोघांनाही ते आवडलं.) मग छातीभर पाण्यात त्याने प्रत्येकाला मुद्दाम कयाकमधून पाडलं आणि परत चढायला लावलं. नवऱ्याला तीनदा. पोहता न येणाऱ्या माणसाला पाण्याची भीती नसते, पडल्यावर काय करायचं हे ठाऊक नसल्याची भीती असते, असं तो दादा म्हणाला. तिसऱ्यांदा वर चढल्यावर नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

खाडीत आम्ही भरतीबरोबर आत गेलो, कांदळवनाच्या कडेकडेने. सुकती म्हणजे ओहोटी लागल्यावर पाण्यानेच आम्हाला परत आणलं. पण कर्लीच्या मुखापासून बऱ्याच अलीकडे त्याने आम्हाला काठाला लावलं आणि उभं करून दाखवलं, खाडीचं पाणी कसं बाहेर धावतंय आणि समोरून येणाऱ्या लाटा त्याला अडून कशा उभ्या राहतायत. नवशिक्याचा कयाक तासाला तीनचार किलोमीटरच्या वर जात नाही. मुखाशी ओहोटीची ओढ तेवढी किंवा त्याहून जास्त असू शकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती आणखी वाढते, अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत कमी असते. त्सुनामी आयलंडजवळ (मुखाजवळचं वाळूचं बेट) कयाक भाड्याने घेऊन "जरा पुढे जाऊन येऊ" म्हणणाऱ्या पोरांनी हे एकदा तरी काठावर उभं राहून बघावं.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा खडकांकडे बघितलं आणि मान डोलावली.

निघायची वेळसुद्धा अशीच हिशोबाने ठरवलेली. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, तो हलका असताना निघायचं, म्हणजे जाताना पाठीशी वारा. उन्हं तापली की तो पडतो, मध्ये थोडा वेळ पाणी स्थिर राहतं, तेवढ्यात स्नॉर्कलिंग उरकायचं. मग समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, तो जोर धरायच्या आत, त्याला पाठीशी घेऊन परत. शिडाच्या होड्यांच्या काळात मच्छीमार याच वाऱ्यांवर जात-येत होते. हे ज्ञान कुठल्याही अ‍ॅपवर दर पाहून, "अमक्याकडे शंभर रुपये कमी" म्हणून निवडता येत नाही.

वाटेत त्याने मोरयाचा धोंडा दाखवला, जिथे १६६४ मध्ये महाराजांनी किल्ल्याच्या कामाची सुरुवात करताना पूजा केली. कयाकमध्ये आपण पाण्याच्या पातळीला बसलेले असतो. तिथून सिंधुदुर्गाचा तट बघणं आणि इंजिनाच्या होडीतून गर्दीत उभं राहून बघणं यात फार फरक आहे. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या किल्ल्याकडे हल्ला करायला आलेल्या माणसाच्या डोळ्यांनी बघितलं आणि हा दुर्ग का टिकला ते कळलं. किल्ला ज्यावर उभा आहे त्या कुरटे बेटाभोवतीचे पाण्याखालचे खडक ज्याला माहीत नाहीत, त्याला जवळच येता येणार नाही.

आता पाण्याखालचं. सुरुवातीला मास्कमध्ये पाणी शिरत होतं, ते नवऱ्याच्या मिशीमुळे, तर गाईडने मिशीवर लावायला व्हॅसलीन काढून दिलं. नळीतून श्वास सावकाश, खोल घ्यायचा. भराभर घेतला तर नळीतलीच वापरलेली हवा परत आत येते आणि गुदमरल्यासारखं होतं. नवऱ्याने लाइफ जॅकेट घालून, रिंगला धरून, गाईडच्या हाताच्या अंतरावर राहून सगळं बघितलं.

अंदमान-मालदीवची रीलं बघून येणारे मालवणला निराश होतात. मला त्यांना सांगायचंय की इथलं पाणी तसं नसतंच. नद्या गाळ आणतात, चांगल्या दिवशीही काही मीटरच्या पलीकडे धूसर असतं, आणि प्रवाळ बागेसारखे पसरलेले नसून खडकांवर गोळ्या-गोळ्यांनी धरलेले असतात. पण अशा गढूळ पाण्यात, दर पावसाळ्याचा मारा खाऊन ते जगलेत, म्हणूनच मला ते जास्त मोलाचे वाटतात. गोल दगडासारखे दिसणारे पोरायटीस जातीचे प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. फूटभर उंचीचा गोळा म्हणजे माझ्या मुलीच्या दुप्पट वयाचा जिवंत जीव. तिला हे पाण्यातून वर आल्यावर सांगितलं, तर ती परत खाली बघायला गेली. आणि आवाज! पाण्यात कान बुडाले की सतत तडतड ऐकू येते, तेलात मोहरी पडल्यासारखी. चिमुकल्या पिस्तूल कोळंब्या नांगी मिटून तो आवाज काढतात. पोपटमासे खडकावरचं शेवाळ खरवडत होते. एका कपारीत हेकरू मासा बसला होता, ताटात नेहमी दिसणारा, इथे मात्र आमच्याकडे रोखून बघणारा.

आमच्यापासून थोड्या अंतरावर एक होडी उभी होती आणि तिथून ब्रेडचे तुकडे पडत होते. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा नुसता घोळका. व्हिडिओत ते फार छान दिसत असणार. आमच्या दादाने खाऊ घालायला साफ नकार दिला आणि मुलीने विचारल्यावर कारण सांगितलं. ब्रेड-बिस्किटं हे त्यांचं अन्न नाही. फुकटच्या खाण्यावर धीट, भांडकुदळ मासे वाढतात, बाकीचे दूर सरतात. शेवाळ खाणारे मासे आपलं काम सोडून होडीखाली जमले, तर शेवाळ प्रवाळांवर चढतं. आणि "हात लावा नकात, पाय टेकवा नकात" हे तर त्याने इतक्या वेळा सांगितलं की मुलगी घरी येऊनही म्हणत होती.

हा सगळा भाग मालवण सागरी अभयारण्यात येतो. १९८७ साली जाहीर झालेलं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे, वाघाच्याच पंक्तीत. ताडोबात वाघासमोर गाडी थांबवून बिस्किटं फेका असं आपण गाईडला सांगत नाही. मग इथे "मासे जवळ आणा ना, फोटो काढायचाय" असं हक्काने का सांगतो? होडीवाल्यालाच दोष देणं सोपं आहे. पण माणशी तीनचारशे रुपयांत, त्यातही घासाघीस करून, पंधरा मिनिटांत मासे आणि व्हिडिओ हवा अशी मागणी आपणच केली, तर ब्रेड टाकण्याखेरीज तो काय करणार?

या अभयारण्याला इथल्या मच्छीमारांनी विरोध केला होता, कारण मासेमारीवर गदा येईल ही भीती होती. दुसरीकडे पर्ससीन (यंत्राने ओढायची प्रचंड जाळी) आणि एलईडी दिव्यांनी मासे खेचून केलेल्या मासेमारीविरुद्ध हीच पारंपरिक मंडळी वर्षानुवर्षं झगडतायत. त्यांची मुलं वल्हं हातात घेऊन आपल्याला समुद्र दाखवतात तेव्हा खडक जिवंत राहण्यात त्यांचंही पोट असतं. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात, तिथेही जाऊन या. इंजिनाचा आवाज नाही, आणि झाडांची माहिती त्यांना तोंडपाठ.

पैशांचं सांगते, कारण सगळं अडतं तिथेच. पहिल्या सकाळचे खाडीचे पैसे आम्ही दिलेच, वर समुद्राच्या रद्द झालेल्या फेरीचे निम्मे पुढे केले. तो घ्यायला तयार नव्हता, "न्हेलंयच नाय तर कसले पैशे?" म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही आज पहाटे उठून समुद्र बघितलात आणि माझ्या मुलीला बाहेर नेलं नाहीत, त्याचे. घेतले शेवटी. माझं मत असं की हे प्रत्येक वेळी भिडेवर सोडू नये. गाईडांनी बुकिंगच्या वेळीच स्पष्ट सांगावं, समुद्र खराब असेल तर फेरी रद्द, अ‍ॅडव्हान्समधले निम्मे आमचे, किंवा त्याऐवजी खाडीची फेरी. आणि आपण ते बिनतक्रार मान्य करावं. ऐनवेळी हॉटेल रद्द केलं तर बऱ्याचदा पूर्ण रक्कम जाते, ती आपण भरतोच ना?

"सगळ्यांना दोन दिवस कुठून मिळणार" असं कुणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. एकच सकाळ असेल तर आधीच खाडीचं ठरवा, लहान मुलं असतील तर नक्कीच. समुद्र मिळाला तर मिळाला.

पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं ते डिसेंबर ते फेब्रुवारी. मेच्या शेवटच्या आठवड्यात अजिबात हट्ट करू नका. आमच्या दादाचा नंबर इथे जाहीर टाकणार नाही, त्याला न विचारता बरं दिसत नाही. हवा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये विचारा, त्याची परवानगी घेऊन देईन. तुमच्यापैकी कुणाला पोहता येतं, कुणाला येत नाही आणि किती सकाळी हातात आहेत, तेवढं मात्र मेसेजमध्येच लिहा, कारण तो तेच आधी विचारणार आहे.