'पूर्वी सगळे शुद्ध लिहीत' हा दावा तपासताना

कोल्हापुरातल्या माजी विद्यार्थ्यांच्या, पालकांच्या आणि शिक्षकांच्याही व्हॉट्सॲप गटांतून एक मजकूर वारंवार फिरत असतो. त्याचा आशय असा की, पूर्वीचा चौथी पास माणूस आजच्या पदवीधरापेक्षा शुद्ध लिहीत असे. आता शाळांनी व्याकरण शिकवणेच बंद केले आहे. उरलेसुरले मोबाइलने आणि इंग्रजी माध्यमाने संपवले. आणि यावर उपाय एकच, छडी हातात घेऊन चुकलेला शब्द शंभर वेळा लिहून घेणे. मुद्रितशोधन हाच माझा व्यवसाय असल्यामुळे चुका मला रोज दिसतात, आणि त्या नाहीत असे मी मुळीच म्हणणार नाही. तालमी-मंडळांच्या डिजिटल फलकांवर, सरकारी सूचनांत, अगदी पदव्युत्तर प्रबंधांतही त्या आहेत. परंतु या मजकुराने सांगितलेले जवळजवळ प्रत्येक कारण चुकीच्या जागी बोट ठेवते आणि त्याचा भुर्दंड शेवटी शाळेतल्या मुलांना बसतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला दावा चौथी पास माणसाचा. तो माणूस कोण होता, हे आधी विचारले पाहिजे. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते. २०११ मध्ये ते सुमारे ८२ टक्के झाले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, ते बहुसंख्य प्रजा शाळेबाहेर होती म्हणूनच. त्या काळी जो शाळेत टिकला, त्याच्या घरी बहुधा पोथी होती, लिहिणारे-वाचणारे कोणीतरी होते आणि मुलाला शेतावर न पाठवण्याइतपत ऐपतही होती. आज त्याच जिल्ह्यातल्या वर्गांत ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर कारखान्याच्या तळावर येणारी मुले बसतात, घरात पहिल्यांदाच पेन्सिल धरणारी मुले बसतात, सीमाभागात घरी कन्नड बोलणारी मुलेही बसतात. निवडक काहींच्या लेखनाची तुलना सगळ्यांच्या लेखनाशी केली, तर सरासरी खालीच दिसणार. जे पूर्वी लिहीतच नव्हते, त्यांची मुले-नातवंडे आता लिहू लागली आहेत, आणि याला ऱ्हास म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

दुसरे असे की, तो माणूस शुद्ध लिहीत होता ते कोणत्या नियमांनी? मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा लेखननियम राज्य शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. त्यापूर्वी शिकलेला माणूस 'नांव', 'पांच', 'कांहीं', 'मुलें' असे उच्चारात नसलेले अनुस्वार देत असे आणि 'कवि', 'मति', 'बुद्धि' हे शब्द ऱ्हस्वान्त लिहीत असे. त्याच्या काळी ते शुद्धच होते. आजच्या नियमांनी तपासले, तर त्याच्या एका पत्रावर लाल खुणांची दाटी होईल. त्याहून मागे गेले तर मोडी लिपी येते. करवीर संस्थानच्या मोडी दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, कोल्हापुरातल्या पुराभिलेखागारात आहेत. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळला जातच नसे, आणि संस्थानाचा सारा कारभार त्यावाचून कधी अडला नाही. ज्या वेलांट्यांवरून आज आपण एखाद्याचे शिक्षण काढतो, त्यांचा हिशेब आपल्याच खापरपणजोबांनी ठेवलेला नव्हता.

जुनी छापील पुस्तके पुढे करून त्या काळचे लोक शुद्ध लिहीत असे सिद्ध करणे तर अधिकच फसवे आहे. लेखकाची मूळ प्रत आणि छापील पान यांच्यामध्ये तेव्हा खिळे जुळवणारा जुळारी, मुद्रितशोधक आणि संपादक अशी माणसे उभी असत. माझ्या हातून गेलेल्या मूळ प्रतींत नावाजलेल्या प्राध्यापकांची हस्तलिखितेही होती, आणि त्यांत 'निर्मीती', 'स्थीर', 'सुचना', 'दुरुन' असे शब्द पानोपानी असत. प्रुफाच्या समासात आम्ही खुणा करत असू, दुसरे प्रूफ येई, तेही तपासले जाई, आणि मग पुस्तक वाचकाच्या हाती पडे. वाचकाला त्यातले फक्त शेवटचे पान दिसले. आज मनात आलेला मजकूर कोणाच्याही नजरेखालून न जाता थेट हजारो लोकांपर्यंत पोहोचतो. म्हणजे फिरत्या मजकुरात तुलना होते ती शोधलेल्या मुद्रिताची आणि न शोधलेल्या मूळ प्रतीची. अनेक वृत्तपत्रांनी आणि प्रकाशकांनी मुद्रितशोधकाचे पदच काढून टाकले, त्याबद्दल तक्रार करायची असेल तर मी पहिली सही करीन. मात्र त्या चुकांचे खापर शाळेवर फोडता येणार नाही.

'शाळेत व्याकरण शिकवतच नाहीत' हा दावा तर दहावीची प्रथम भाषा मराठीची कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिका, उघडून पाहिली तरी खोटा ठरतो. ८० गुणांपैकी १६ गुण भाषाभ्यासाला आहेत. समास, शब्दसिद्धी, वाक्प्रचार, विरामचिन्हे, लेखननियमांनुसार लेखन हे सगळे त्यात आहे. व्याकरण आहे, पण ते कोणत्या रूपात आहे, हा खरा प्रश्न आहे, आणि फिरता मजकूर नेमका तोच विचारत नाही. मुलगा समासाचा विग्रह करतो, त्याचे नाव बिनचूक लिहितो आणि गुण मिळवतो. तोच मुलगा पुढच्या पानावर 'गुरूपौर्णिमा' लिहितो. 'गुरू' एकटा असताना दीर्घ, परंतु सामासिक शब्दात पहिल्या पदी आला की मुळाप्रमाणे ऱ्हस्व, म्हणून 'गुरुपौर्णिमा', हा लेखननियम समासाच्या धड्याशी जोडून त्याला कोणी दाखवलेलाच नसतो. 'विद्यार्थी' आणि 'विद्यार्थिगृह' यांचेही तेच. व्याकरण ओळखण्यापुरते शिकवले जाते, लिहिताना वापरण्यासाठी शिकवले जात नाही. शिवाय आकृतिबंध पूर्ण करा, चौकटी भरा, जोड्या लावा अशा कृतींत मूल एकेक शब्द लिहिते. स्वतःची सलग दहा वाक्ये लिहिण्याची वेळ त्याच्यावर स्वमत आणि उपयोजित लेखन या प्रश्नांपुरतीच येते.

येथे थोडे थांबून मुले नेमके काय चुकतात ते पाहिले पाहिजे, कारण सगळ्या वादात याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. 'परीक्षा' ऐवजी लिहिलेला 'परिक्षा' हा शब्द घ्या. निष्काळजीपणाचा नमुना म्हणून तो सर्रास दाखवला जातो. परंतु मराठी शब्दाचे शेवटचे अक्षर दीर्घ असेल, तर त्याच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व असतो, हा आपलाच नियम आहे: किडा, विळी, पिसू, पाहुणा. 'परिक्षा' लिहिणाऱ्या मुलाने हाच नियम, कोणी न सांगता, आपल्या वाचनातून उचललेला असतो. तो चुकतो तो एवढ्याचसाठी, की हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे आणि अशा तत्सम शब्दांना हा नियम लागू नाही. तसेच 'गरीब' चे प्रत्यय लागल्यावर 'गरिबाला' होते, 'वकील' चे 'वकिलाला', पण 'शरीर' चे मात्र 'शरीराला'. मुलाच्या कानाला गरीब आणि शरीर यांत काडीचा फरक नाही. पहिला शब्द अरबीतून आला आणि दुसरा संस्कृतातून, हे माहीत असल्याशिवाय वेलांटी बरोबर पडत नाही. ज्याने संस्कृत घेतलेले नाही आणि ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही, त्याला हे कळायचे कसे? श्रुतलेखन घेताना गुरुजी 'परी' वर मुद्दाम जोर देऊन लांबवतात, कारण रोजच्या बोलण्यात आपण कोणीच तो भेद स्पष्ट ऐकू येईल असा करत नाही.

आपल्या गावाच्या नावाचेच पाहा. 'कोल्हापूर' मधला 'पू' दीर्घ, पण प्रत्यय लागला की 'कोल्हापुरात', 'कोल्हापुरी'. चपलांच्या, मिसळीच्या आणि सोन्याच्या साजाच्या पाट्यांवर मात्र 'कोल्हापूरी' हे रूप किती ठिकाणी दिसते ते महाद्वार रोडने एक फेरी मारली तरी समजेल, आणि त्यांतल्या कित्येक पाट्या कोणाच्या हाती मोबाइल येण्याच्या आधी रंगवलेल्या आहेत.

काही चुका तर चुकाच नसतात. कोल्हापूरकडच्या मुली 'मी शाळेत गेलो', 'मी येतो' असे म्हणतात. त्यांच्या आया, आज्याही तसेच बोलत आल्या आहेत. निबंधात हे वाक्य आले की त्यावर लाल फुली पडते आणि मुलीला स्त्रीलिंग-पुल्लिंगही कळत नाही असा शेरा मिळतो. तिला ते पक्के कळते. 'ती गेली' आणि 'तो गेला' यांत ती कधी चुकत नाही. तिच्या बोलीचा नियम वेगळा आहे आणि प्रमाण लेखनात येथे 'गेले' लिहायचे असते, एवढेच तिला आदराने सांगायचे असते. बोलीची लाज वाटू लागलेले मूल वहीत कमीत कमी लिहू लागते, आणि कमी लिहिणाऱ्या मुलाचे लेखन सुधारण्याची संधीच उरत नाही.

मोबाइलविषयीच्या दाव्यात काही तथ्य आहे. रोमन लिपीत मराठी टंकणाऱ्या मुलाला वेलांटी-उकारांचा सराव होत नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु देवनागरीत टंकणारेही असंख्य आहेत, आणि ज्यांनी शाळा सुटल्यावर पोस्टकार्डापलीकडे काही लिहिले नसते, अशी माणसे आज रोज लिहितात. इंग्रजी माध्यमाचे म्हणाल, तर वर दाखवलेल्या चुका मराठी माध्यमातल्या मुलांच्याच वह्यांत सापडतात, कारण त्यांचे मूळ उच्चार आणि लेखन यांतल्या अंतरात आहे. इंग्रजी शाळांतही मराठी शिकवणे २०२० च्या कायद्याने सक्तीचे आहे. तेथे ती किती मनापासून शिकवली जाते याची चौकशी जरूर व्हावी, पण तो वेगळा प्रश्न आहे.

उरला छडीचा उपाय. शारीरिक शिक्षेला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी माराने 'शरीर' तत्सम आहे हे कोणाला कळले नसते. शंभर वेळा लिहिण्यात मूल शब्द न वाचता हात चालवते. पन्नासाव्या ओळीनंतर त्यातच नवी चूक शिरलेली मी वह्यांत पाहिली आहे. रोजचे पानभर 'शुद्धलेखन' म्हणजे पुस्तकातला उतारा सुवाच्य अक्षरात उतरवणे, आणि त्यात कोठे ऱ्हस्व, कोठे दीर्घ हा निर्णय मुलाला एकदाही घ्यावा लागत नाही. निर्णय घ्यावा लागतो तो स्वतःचे वाक्य लिहिताना. ते वाक्य कोणीतरी तपासून, चूक का झाली ते सांगून परत दिले आणि मुलाने ते पुन्हा लिहिले, तर फरक पडतो. याला शिक्षकाचा वेळ लागतो. पन्नास-साठ मुलांच्या वर्गाचे निबंध तपासणाऱ्या शिक्षकाला निवडणूक आणि जनगणनेची कामेही कायद्यानेच लागतात, शिवाय निरनिराळ्या ऑनलाइन माहित्या भरायच्या असतात त्या वेगळ्याच.

ज्यांना हा मजकूर पुढे पाठवावासा वाटतो, त्यांची कळकळ खरी आहे याबद्दल मला शंका नाही. त्यांच्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळांत आहेत आणि तेथे शाळा व्यवस्थापन समिती असते, जिच्यात कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. त्या समितीच्या बैठकीत पोषण आहार आणि रंगरंगोटी यांच्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचारता येतील: या सत्रात प्रत्येक मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेले किती मजकूर शिक्षकांनी तपासून परत दिले, आणि ते तपासायला वेळ मिळावा म्हणून शिक्षकांकडचे कोणते काम कमी करता येईल.